पारखी, बगळा आणि सहा खडे

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हा डोंगर तरुण होते आणि ढग त्यांच्या खांद्यावर टेकायला लाजत असत. तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं मधेच कोणी विचारू नका. मी ऐकलं ते सांगतो, तुम्ही ऐका.

डोंगरांच्या मधोमध एक तळं होतं आणि तळ्याभोवती सात गावं होती. तिथे रोज पहाटे धुकं उतरायचं. ते धुकं काही साधंसुधं नव्हतं बरं का! अंगावर आलं की माणसाला गोड गुंगी यायची. पाणी भरणारी बाई घागरीवर हात ठेवून तशीच उभी राहायची, आणि औत धरलेला माणूस बैलाच्या पाठीवर डोकं टेकायचा.

म्हणून प्रत्येक गावाला एक नगारा होता. सकाळी नगारा वाजला की धुक्यातली गुंगी जायची, आणि ते त्या गावावरून हळूच उठून तळ्यावरून तरंगत डोंगराकडे जायचं. मग लोक डोळे चोळत कामाला लागायचे.

एके काळी गावं आठ होती. आठव्या गावाचा नगारा गेला, आणि त्या दिवसापासून तिथलं धुकं उठलंच नाही. ते गाव तळ्याच्या उत्तरेला अजून आहे, पांढऱ्याशुभ्र धुक्यात निजलेलं. होडीवाले सांगायचे, जवळून जाताना आतून जांभई ऐकू येते. खरं खोटं ते तळंच जाणे.

नगारा जायचा कसा? तर खेळात.

उन्हाळ्यात तळं आटायचं आणि काठाला मोठा चिखल उघडा पडायचा. त्या चिखलात सातही गावं चेंडू खेळायची. चेंडू चामड्याचा, आत सावरीचा कापूस. एका गावाचे अकरा गडी एकीकडे, दुसऱ्या गावाचे अकरा दुसरीकडे. लाथेनं, हातानं, खांद्यानं, कसाही चेंडू न्या आणि समोरच्यांच्या खुंटाला टेकवा. तीनदा टेकवला की जिंकलात. प्रत्येक गाव प्रत्येक गावाशी खेळे, आणि शेवटी कोण कितव्या नंबरावर ते पाटावर खडूनं लिहीत.

आता नियम नीट ऐका, सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. जे गाव सलग सात वर्षं शेवटी राहील, त्यानं आपला नगारा तराफ्यावर ठेवून तळ्यात सोडायचा.

पण वाडवडील काही निर्दयी नव्हते. त्यांनी हरणाऱ्याला हात दिला होता. डोंगरातल्या वाड्यांमधून दर वर्षी तरणी पोरं खाली यायची, आणि सात गावं त्यांच्यातून आपापले गडी निवडायची. निवडलेला गडी त्या गावचाच होऊन जायचा, तिथेच शेत कसायचा आणि तिथेच नांदायचा. गेल्या वर्षी जे गाव शेवटी आलं, त्यानं सगळ्यांत आधी निवडायचं, आणि जे जिंकलं त्यानं सगळ्यांत शेवटी. अशा तीन फेऱ्या व्हायच्या. प्रत्येक फेरीसाठी गावाला एक शिंपला मिळायचा. शिंपला ठेवायचा आणि गडी न्यायचा.

हे शिंपले आपसांत बदलता येत. यंदाचे बदला, नाहीतर पुढच्या वर्षीचे. आणि तिथंच तर सगळी गंमत होती.

गडी निवडणाऱ्या माणसाला पारखी म्हणत. नितळवाडीचा पारखी होता म्हाळोजी. उंचपुरा, मिशीला पीळ, आणि बोलणं असं की ऐकत राहावं. "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असं तो दिवसातून चारदा तरी म्हणायचा. पाचव्यांदा म्हणायला गेला की बायको भांडी आपटायची.

ही बायको म्हणजे चिमाबाई. नितळवाडीचा नगारा तीच वाजवायची. तिच्या बापानं वाजवला, आजीनं वाजवला, आणि आता ती. अंगण झाडायच्या आधी, चूल पेटवायच्या आधी ती टिपऱ्या हातात घ्यायची. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते आणि तिला त्यांचा फार अभिमान होता.

आणि अशा बाईचं गाव सहा वर्षं सलग शेवटी आलं होतं!

कसं आलं ते सांगतो. पहिल्या वर्षी म्हाळोजीला एक पोरगा दिसला. बांबूच्या दोन काठ्या एकावर एक बांधल्या तरी त्यावरून उडी मारायचा. म्हाळोजीनं आपले तिन्ही शिंपले आणि पुढच्या वर्षीचा एक, असे चार देऊन तो पोरगा मिळवला. पण गुडघाभर चिखलातून उडी कशी मारणार? तो पोरगा आता नितळवाडीच्या चिंचा पाडतो. गुणी आहे, झाडाला काठी लावावी लागत नाही.

दुसऱ्या वर्षी एक पहिलवान आणला. तो धान्याची तीन पोती उचलायचा, पण चिखलात रुतला की त्यालाच उचलायला तीन माणसं लागायची. तिसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी, असंच. दर वर्षी एकच चमकदार पोरगा आणि त्याच्यापायी उरलेले शिंपले दुसऱ्याच्या झोळीत. नितळवाडीच्या संघात मग उरलं कोण? गुडघे धरून पळणारा कुंभार, दम लागला की खाली बसणारा न्हावी, आणि नातवंडं झालेले चार शेतकरी.

गावानं विचारलं की म्हाळोजी मान ताठ करून म्हणायचा, "नजर माझी बरोबरच होती. पोरगं चुकलं."

सहा वर्षं त्याचं हेच उत्तर होतं. नजर बरोबर, पोरगं चुकलं.

सातवं वर्ष आलं. यंदा शेवटी आलं की नगारा तळ्यात. नितळवाडीत लोक हळू आवाजात बोलू लागले. म्हातारी माणसं उत्तरेकडच्या त्या पांढऱ्या धुक्याकडे बघायची आणि मान फिरवायची. आया लेकरांना जवळ घेऊन बसायच्या.

नितळवाडीकडे यंदाचा एकच शिंपला उरला होता. पण होता पहिला, मानाचा. आणि नेमकी त्याच वर्षी डोंगरातून बातमी आली, रूपाजी नावाचा एक पोरगा येतोय. असा पळतो की सावली मागे राहते. पायांना माती लागलेली कुणी पाहिली नाही.

सातही पारख्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

निवडीच्या आदल्या दिवशी सकाळीच उंचगावचा पारखी गंभीरराव म्हाळोजीच्या ओसरीवर येऊन बसला. त्याचं गाव गेल्या वर्षी पाचवं आलं होतं, म्हणजे त्याची निवड तिसरी. त्यानं झोळी उघडली.

"म्हाळोजीराव, यंदाचे माझे तिन्ही शिंपले घ्या. पुढच्या वर्षीचे दोन घ्या. फक्त तुमचा पहिला द्या."

म्हाळोजी खदखदून हसला. "गंभीरराव, रूपाजी माझा आहे. पाच काय, पन्नास शिंपले आणा. हिरा कुणी फुटाण्याला देतं का?"

गंभीरराव उठून गेला, पण जाताना झोळी मुद्दाम खुळखुळवत गेला. चिमाबाई आतून ऐकत होती. ती बाहेर आली.

"अहो, एक विचारू? सहा वर्षं तुम्ही हिरेच आणलेत. त्यातला यंदाच्या अकरांत एक तरी आहे का?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला नगाऱ्यातलं कळतं," चिमाबाई म्हणाली. "उद्या तो माझ्या हातातून गेला, तर मी सकाळी उठून करू काय? आणि उठेन तरी का?" एवढं बोलून तिनं डोळ्यांना पदर लावला.

खरं ऐकलं की माणूस चिडतो, तसा म्हाळोजी चिडला. पायात वहाणा न घालताच तरातरा तळ्याकडे निघून गेला.

तळ्यावर विरळ धुकं होतं. पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. काठाच्या चिखलात एक म्हातारा बगळा एका पायावर उभा होता. म्हाळोजी एका दगडावर बसला आणि त्याच्याकडे बघू लागला.

बगळ्यानं चोच मारली. मासा निसटला. परत मारली, परत निसटला.

"चुकलास!" म्हाळोजी म्हणाला. दुसरा कुणीतरी चुकतोय हे बघून त्याला जरा बरं वाटलं.

"हो तर," बगळा म्हणाला. त्या काळी बगळे बोलत. अजूनही बोलतात म्हणा, आपल्यालाच थांबायला वेळ नसतो. "सकाळपासून ही अकरावी वेळ."

"आणि हे तू मोजतोस? लाज नाही वाटत?"

"लाज कसली? आतापर्यंत चारच मिळाले, पण पोट भरलं की! मी चुकतो हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून मी जिथून पुष्कळ मासे जातात तिथं उभा राहतो. एक सुटला, दुसरा येतो. माझा एक भाऊ होता. त्याला वाटायचं आपली चोच चुकतच नाही. तो एका मोठ्या चंदेरी माशासाठी दिवसभर एकाच खडकावर उभा राहायचा."

"मग?"

"मग काय? होता म्हणालो ना." बगळ्यानं पंख जरा झटकले. "पारखीबुवा, तुम्ही किती वेळा चुकलात?"

म्हाळोजीच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं. नजर बरोबर होती, पोरगं... पण बगळा इतक्या शांतपणे बघत होता की ते उत्तर तोंडातच राहिलं. त्यानं खाली वाकून एक खडा उचलला. हा उडीवाला. दुसरा उचलला. हा पहिलवान. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सहा खडे त्याच्या ओंजळीत आले आणि सातवा उचलायला वर्षच उरलं नव्हतं.

तेवढ्यात धुक्यातून नितळवाडीचा नगारा ऐकू आला. चिमाबाई वाजवत होती. सकाळचा नगारा तर केव्हाच वाजून झाला होता. मग आता कशाला वाजवत होती? हातात आहे तोवर वाजवून घेत होती, बिचारी.

म्हाळोजी ढसाढसा रडला. मिशीचा पीळ पार उतरला.

रडून झाल्यावर त्यानं नाक पुसलं, खडे खिशात टाकले आणि विचारलं, "मग मी करू काय?"

"मला पोरं निवडता येत नाहीत," बगळा म्हणाला. "पण उद्या सकाळी इथं येऊन उभे राहा. तुम्ही सातही जण दर वर्षी या चिखलाकडे पाठ करून बसता, त्याचं मला फार नवल वाटतं."

बगळ्याचं खरंच होतं. निवड व्हायची खळ्यावर. खळं सारवलेलं, कोरडं, स्वच्छ. पारखी मांडवात बसायचे आणि पोरांना पळवायचे, उड्या मारायला लावायचे, पोती उचलायला लावायचे, दोरीनं छाती मोजायचे. पण डोंगरातून खळ्यावर यायला वाट होती तळ्याच्या चिखलातूनच. पोरं चिखल तुडवत यायची, काठावर पाय धुवायची, अंगावर कोरे कपडे चढवायची, आणि मग पारख्यांसमोर यायची. खेळ चिखलातला आणि परीक्षा खळ्यावरची! इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटायचं, आपल्या नजरेला एवढं पुरे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पारखी मांडवात बसले. सातवा बगळ्याशेजारी गुडघाभर चिखलात उभा होता.

धुक्यातून पोरं उतरू लागली. आधी नुसते आवाज आले, मग आकार दिसले. पांढऱ्या धुक्यात ती पोरं चालत नव्हती, तरंगत होती असंच वाटत होतं. जवळ आली तेव्हा कळलं की कसली तरंगतायत, सगळी कंबरेपर्यंत बरबटलेली आहेत.

मग रूपाजी आला. त्याच्या पायांना खरोखरच माती नव्हती. कशी असणार? तो दुसऱ्याच्या खांद्यावर बसून आला होता. वाडीतल्या लोकांचा तो लाडका होता, त्याचे पाय मळू नयेत म्हणून त्याला उचलून आणलं होतं. उचलणारा होता गोमाजी नावाचा एक बुटका, रुंद पोरगा. एवढं ओझं खांद्यावर आणि तरी तो एकदाही रुतला नाही. जिथं रुतेल असं वाटायचं, तिथं आधी अंगठ्यानं चाचपायचा.

मागून हिरोजी आला. त्याचे पंजे पसरट होते, बदकासारखे, आणि तो चिखलावरून फटाफटा चालला. म्हाळोजीला तो बघताक्षणी आवडला. त्याच्या मागे पिरा होता. पिरा पाच वेळा पडला आणि पाचही वेळा हसत उठला. सहाव्यांदा पडता पडता त्यानं शेजारच्या पोराला मात्र सावरलं.

"सापडले!" म्हाळोजी बगळ्याला म्हणाला. "अगदी हेच तीन!"

"सापडले कसले? अंदाज आहे तो," बगळा म्हणाला. "म्हणून तर एकावर थांबू नका."

पुढे खळ्यावर काय झालं ते ऐका. रूपाजी कोऱ्या धोतरात उतरला आणि पळाला. काय पळाला म्हणता! खळ्याच्या या टोकाला पापणी मिटावी आणि उघडेपर्यंत तो त्या टोकाला. बघणाऱ्यांचे श्वास अडकले. नितळवाडीची सगळी माणसं ओरडू लागली, "रूपाजी! रूपाजी!"

म्हाळोजीचं काय झालं म्हणता? अहो, तोही भुलला! माणूसच तो. सहा वर्षांची सवय एका सकाळीत जाते का? हातातला मानाचा शिंपला त्यानं मुठीत आवळला, आणि पाऊल आपोआप रूपाजीकडे पडलं. खिशात सहा खडे होते. ते चालताना मांडीला टोचले.

तो थांबला. मग वळला आणि सरळ गंभीररावापुढे जाऊन उभा राहिला.

"कालचं बोलणं कायम आहे का? यंदाचे तीन, पुढचे दोन?"

गंभीररावानं झोळी उलटी करून पाचही शिंपले त्याच्या हातात ओतले. मन बदलायच्या आत तो मानाचा शिंपला घेऊन पळालाच.

नितळवाडीत हाहाकार उडाला. पाटलानं पागोटं काढून जमिनीवर आपटलं. "म्हाळोजी! हातचा हिरा दिलात? नजर गेली का तुमची?"

"पाटील," म्हाळोजी म्हणाला, "मी म्हणायचो तेवढी ती कधी नव्हतीच."

त्यानं तीन फेऱ्यांत तिघे घेतले. हिरोजी, गोमाजी आणि पिरा. गोमाजीला तर कुणी मागितलंच नव्हतं, आणि पिरा पोतं उचलताना पडला म्हणून सगळं खळं हसलं होतं.

संध्याकाळी गावात कुणी म्हाळोजीशी बोलेना. घरी आला तर चिमाबाईनं पाट मांडला होता. तिनं ताटात भाकरी वाढली आणि हळूच विचारलं, "खात्री आहे ना तुम्हाला?"

"नाही," म्हाळोजी म्हणाला. "मुळीच नाही."

चिमाबाईनं त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. "लग्नाला वीस वर्षं झाली," ती म्हणाली, "आणि हे पहिल्यांदा ऐकलं. आता मला जरा झोप लागेल."

खेळ सुरू झाले. नितळवाडी पहिला सामना हरली आणि दुसराही हरली. आणि हिरोजी, ज्याच्यावर म्हाळोजीचा सगळ्यांत जास्त जीव होता, तो चेंडूलाच घाबरायचा! चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घ्यायचा. घरची आठवण काढून रडायचा ते वेगळंच.

गाव वाट बघत होतं, आता म्हाळोजी म्हणणार, पोरगं चुकलं. पण म्हाळोजी म्हणाला, "मी चुकलो. चालणारा हवा होता तेवढं बघितलं, त्याला हे आवडतं का ते विचारलंच नाही." तो स्वतः हिरोजीला डोंगरावर त्याच्या आईकडे पोचवून आला, आणि येताना त्यानं एक खडा आणला. सातवा.

पण दोघे उरले होते ना! गोमाजी हळूहळू कुंभाराला आणि न्हाव्याला चिखल शिकवू लागला, कुठं पाय टाकायचा, कुठं नाही. पिरा पडायचा आणि हसायचा, आणि त्याचं हसणं बघून म्हातारे गडीही दम लागला तरी खाली बसेनासे झाले. नितळवाडीनं एक सामना जिंकला.

उंचगावचं काय? रूपाजी काठाच्या कोरड्या पट्ट्यावरून पळायचा आणि सगळं खोरं टाळ्या वाजवायचं. पण त्याच्यापर्यंत चेंडू पोचवायला नवा गडी एकही नव्हता, आणि जुने थकले होते. उंचगावनंही एकच सामना जिंकला.

असं होत होत शेवटचा सामना आला, नितळवाडी आणि उंचगावचा. जो हरेल तो सातवा. उंचगाव हरलं तर त्यांचं ते पहिलंच वर्ष असणार होतं. नितळवाडी हरली, तर चिमाबाईचा नगारा जाणार होता.

तराफा आणून काठाला बांधून ठेवला होता. चिमाबाई नगाऱ्याशेजारी उभी होती, दोन्ही हात त्याच्या कातड्यावर ठेवून. आजारी लेकराच्या अंगावर आई हात ठेवते, तसे.

रूपाजीनं कोरड्या पट्ट्यावरून वाऱ्यासारखं जाऊन दोनदा खुंट गाठला. नितळवाडीनं रडत रखडत दोनदा गाठला. दोन आणि दोन. तेवढ्यात चेंडू उडाला आणि मधल्या काळ्या, खोल चिखलात जाऊन पडला. धुक्याचा एक पट्टा तिथं रेंगाळत होता, त्यामुळे काठावरून नीट दिसेना.

चेंडूसाठी रूपाजी धावला. तीन पावलं गेला आणि चौथ्याला मांडीपर्यंत रुतला. चेंडू हातभर लांब, पण त्याला हलता येईना. आजवर त्याला चिखलात पाऊल टाकूच दिलं नव्हतं कुणी, त्यात त्या पोराची काय चूक?

गोमाजी अंगठ्यानं चाचपत आला. त्यानं चेंडू उचलला आणि धुक्यात फेकला. धुक्यात धप्पकन आवाज झाला, कुणीतरी पडलं. नितळवाडीनं श्वास रोखला. मग धुक्यातून हसू ऐकू आलं, आणि पिरा चेंडू छातीशी धरून बाहेर आला. दोनदा पडला, दोनदा उठला आणि तिसऱ्यांदा पडला तो चेंडूसकट थेट खुंटावरच.

चिमाबाईनं टिपऱ्या उचलल्या. भर दुपारी तिनं असा नगारा वाजवला, असा वाजवला की मधलं रेंगाळलेलं धुकं ताडकन उठलं. आणि लोक सांगतात, उत्तरेच्या त्या निजलेल्या गावातून एक कोंबडा आरवला. एकदाच आरवला. मग परत सगळं शांत झालं.

गोमाजी मागे वळून रूपाजीकडे गेला. त्याला चिखलातून ओढून काढलं आणि सवयीनं खांदा पुढे केला.

"नको गोमा," रूपाजी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "या वेळी मला चालू दे."

आणि तो पडत, धडपडत, चालत काठापर्यंत आला.

नितळवाडी त्या वर्षी सहावी आली. सहावी म्हणजे काही फार मोठा पराक्रम नव्हे, पण नगारा राहिला. त्या संध्याकाळी गावात कुणाच्या घरी गोड झालं नाही असं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी गंभीरराव तोंड पाडून म्हाळोजीच्या ओसरीवर आला. "म्हाळोजीराव," तो म्हणाला, "नजर माझी बरोबरच होती हो. पोरगं चुकलं."

म्हाळोजीला हसू आलं नाही. त्यानं गंभीररावाचा हात धरला आणि त्याला तळ्यावर नेलं. बगळा होता तिथंच होता. म्हाळोजीनं वाकून एक खडा उचलला आणि गंभीररावाच्या तळहातावर ठेवला.

"हा घ्या तुमचा पहिला," तो म्हणाला. "खिशात ठेवा. चालताना टोचतो, पण कामाला येतो."

पुढच्या वर्षी रूपाजी चिखलात पळायला शिकला आणि खोऱ्यातला सगळ्यांत चांगला गडी झाला. "हा पोरगा चिखलात कधी तयार होणार नाही," असं म्हाळोजी मधल्या काळात पाटलांना बोलून गेला होता. त्यानं मुकाट्यानं आठवा खडा उचलला.

म्हातारा झाला तोवर त्याचे खडे एका मडक्यात मावेनात. ते मडकं चिमाबाईच्या नगाऱ्याशेजारी ठेवलेलं असायचं. नितळवाडी पुन्हा कधी शेवटी आली नाही. नवा पारखी नेमायचा झाला की गाव त्याला त्या मडक्यापाशी नेई आणि एकच प्रश्न विचारी, "तुझे खडे दाखव." ज्याचे हात रिकामे असत, त्याला ते निवडत नसत.

तर लहानथोरहो, एवढंच ध्यानात ठेवा: आपली नजर चुकू शकते हे ज्याला ठाऊक असतं, त्याचीच निवड गावाला तारते.